एकसारख्या दिसणाऱ्या चार रॅम मॉड्यूलचा संगणक वारंवार कोलमडत असेल तर

सुमारे ११ जीबीच्या एका फाइलची चेकसम (फाइलमधील सगळ्या माहितीवरून गणिताने काढलेला पडताळणीचा आकडा) मी लागोपाठ तीन वेळा काढली. पहिली दोन उत्तरे जुळली आणि तिसरे वेगळे आले. फाइल डिस्कवरच चुकीची लिहिली गेलेली असती, तर चूक प्रत्येक वेळी तशीच्या तशी दिसली असती. उत्तर बदलते आहे याचा अर्थ, फाइल वाचल्यानंतर आणि गणित पूर्ण होण्याच्या आधी, म्हणजे रॅममध्ये किंवा रॅमकडे जाण्यायेण्याच्या वाटेवर, एखादा बिट (० किंवा १ हा माहितीचा सर्वांत लहान घटक) मधूनच उलटतो आहे. त्याआधीचे दोन महिने मी हा दोष ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, डिस्कच्या केबलमध्ये आणि ऑपरेटिंग सिस्टिममध्ये शोधत होतो, आणि सिस्टिम दोनदा नव्याने टाकूनही तो परत येत होता. घरी जोडलेल्या संगणकात रॅम वाढवल्यानंतर ज्यांना असाच, कधी दिसणारा आणि कधी न दिसणारा त्रास होत आहे, त्यांच्यासाठी मी हे सविस्तर लिहीत आहे, कारण उत्तर शेवटी जिथे सापडले ती जागा बहुतेक जण पाहतच नाहीत.

संगणकात सुरुवातीला डीडीआर४ची ८ जीबीची दोन मॉड्यूल होती. त्यांच्यावर ३२००चा वेग, १६-१८-१८-३८ ही टाइमिंग (रॅमला वेगवेगळ्या कामांसाठी दिलेला अवधी) आणि १.३५ व्होल्ट असे छापलेले होते आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक्सएमपी प्रोफाइल (मॉड्यूलमध्येच नोंदवलेला जास्त वेगाच्या आकड्यांचा संच) चालू करून ती दोन वर्षे एकही तक्रार न करता चालली. पुढे काम वाढले म्हणून त्याच कंपनीची, त्याच नावाची, त्याच आकड्यांची आणखी दोन मॉड्यूल घेतली. चारही मॉड्यूल शेजारीशेजारी ठेवली तर फरक ओळखू येणार नाही इतकी ती सारखी होती. त्यानंतर ब्राउझरचे टॅब अधूनमधून आपोआप बंद पडू लागले, संकुचित फाइल उघडताना सीआरसीची (फाइलमधील माहिती बदलल्याचे दाखवणारी) चूक येऊ लागली, आणि तीन-चार दिवसांतून एकदा निळा पडदा येऊ लागला. त्या निळ्या पडद्यावर दर वेळी वेगळे कारण असे: एकदा ‘मेमरी मॅनेजमेंट’, पुढच्या वेळी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’, त्यानंतर ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. एकाच ड्रायव्हरचा दोष असेल तर सहसा तेच कारण आणि त्याच ड्रायव्हरचे नाव पुन्हा पुन्हा दिसते. कारणे अशी विखुरलेली असतील, तर संशय प्रथम रॅमवर घ्यावा, हे मला आता पक्के ठाऊक झाले आहे.

पुढे काही करण्याआधी एक विनंती आहे. रॅम अस्थिर असताना संगणक जे काही डिस्कवर लिहितो ते रॅममधूनच जाते, आणि उलटलेला बिट कोणताही इशारा न देता तुमच्या छायाचित्रात, हिशेबाच्या तक्त्यात किंवा फाइल सिस्टिमच्या नोंदीत जाऊन बसू शकतो. म्हणून संशय आल्याबरोबर प्रोफाइल बंद करून रॅम मूळ वेगावर आणावी, संगणक त्या स्थितीत शांत चालतो हे पाहावे, आणि मगच महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी. अस्थिर अवस्थेत घाईने घेतलेली प्रत स्वतःच बिघडलेली असू शकते. चाचण्यांसाठी पेन ड्राइव्हवरून सुरू होणारे मेमटेस्ट८६ किंवा मेमटेस्ट८६+ वापरावे, कारण ती ऑपरेटिंग सिस्टिम सुरूच करत नाहीत आणि त्यामुळे डिस्कवरच्या फाइलींना धक्का लागत नाही.

पायाभूत तपासणी

साध्या गोष्टी आधी उरकाव्यात. दोनच मॉड्यूल असतील तर चार स्लॉट असलेल्या बहुतेक बोर्डांवर ती प्रोसेसरपासून मोजलेल्या दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये असायला हवीत. बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत ते चित्रासह दिलेले असते. मॉड्यूल काढून पुन्हा बसवताना खटक्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला पाहिजे. संपर्कपट्टीवर डाग दिसत असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने ती हलकेच पुसावी. प्रोसेसरचा कूलर एका बाजूने अधिक आवळला गेला असेल, तर एखाद्या चॅनेलचा (प्रोसेसर आणि रॅम यांना जोडणाऱ्या मार्गाचा) संपर्क बिघडू शकतो, तेव्हा तेही पाहून घ्यावे. बायोसची नवी आवृत्ती आली असेल आणि तिच्या नोंदीत मेमरीशी जुळवून घेण्यात सुधारणा केल्याचे म्हटले असेल, तर ती टाकण्यासारखी असते, पण ती रॅम मूळ वेगावर असतानाच टाकावी. अस्थिर रॅमवर बायोस बदलणे धोक्याचे आहे.

यानंतर मी चार चाचण्या केल्या, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. चारही मॉड्यूल लावून प्रोफाइल बंद ठेवले, म्हणजे वेग २१३३ आणि व्होल्टेज १.२, तेव्हा मेमटेस्टच्या चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही. फक्त जुनी जोडी लावून प्रोफाइल चालू केले, तरीही शून्य चुका. फक्त नवी जोडी लावून प्रोफाइल चालू केले, पुन्हा शून्य. चारही एकत्र लावून प्रोफाइल चालू केले आणि दुसऱ्या फेरीत तीन चुका आल्या. तिन्ही ठिकाणी अपेक्षित आकडा आणि वाचलेला आकडा यांत एकाच बिटाचा फरक होता. या चार ओळींनी मॉड्यूल खराब असल्याची शक्यता जवळपास निकालात काढली. कोणतेही मॉड्यूल एकटे दोषी नव्हते, दोष एकत्र येण्यात होता.

इथे बहुतेकांचा, आणि माझाही, पहिला निष्कर्ष असा असतो की चार मॉड्यूलचा भार प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरला (रॅमशी देवाणघेवाण सांभाळणाऱ्या भागाला) झेपत नाही. हा निष्कर्ष निराधार नाही. एएमडीच्या रायझेन ३००० मालिकेत दोन मॉड्यूलसाठी अधिकृत वेग ३२०० आहे, पण चार सिंगल रँक (रँक म्हणजे मॉड्यूलवर एकत्र काम करणारा चिपचा गट) मॉड्यूलसाठी तो २९३३ आणि चार ड्युअल रँक मॉड्यूलसाठी २६६७ इतका खाली येतो. रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग हे मॉड्यूलबद्दलचे विधान असते. तुमचा कंट्रोलर आणि तुमच्या बोर्डावरच्या तारा यांच्याबद्दल ते काहीही सांगत नाही. मग उपाय म्हणून सगळीकडे सांगितले जाते तसे मीही रॅमचे व्होल्टेज १.३५ वरून १.३७ आणि पुढे १.४० केले. चुकांची संख्या बदलली नाही. कंट्रोलरचे व्होल्टेज थोडे वाढवले, तेव्हाही बदलली नाही. व्होल्टेज वाढवूनही चुका कमी किंवा जास्त, कशाच होत नाहीत, हीच खरी खूण होती, आणि मी ती एक आठवडा उशिरा ओळखली.

बोर्डाने स्वतः निवडलेले आकडे

खोक्यावर टाइमिंगचे चारच आकडे छापलेले असतात. प्रत्यक्षात बोर्ड तीस-चाळीस टाइमिंग ठरवतो आणि त्यांतली बहुतेक आपण ‘ऑटो’वर सोडून दिलेली असतात. बायोसमध्ये किंवा टाइमिंग दाखवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये ही सगळी यादी वाचता येते. मी एका वहीत तीन रकाने आखले: फक्त जुनी जोडी, फक्त नवी जोडी आणि चारही एकत्र. प्रत्येक स्थितीत संगणक सुरू करून, प्रोफाइल चालू ठेवून, सगळे आकडे हाताने उतरवून घेतले. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्याला तासभर लागतो, पण यापेक्षा चांगला खर्च झालेला तास मला या सगळ्या प्रकरणात आठवत नाही.

पहिले चार आकडे तिन्ही रकान्यांत सारखेच होते. खाली ‘टीआरएफसी’च्या (रिफ्रेशला, म्हणजे पेशींतली माहिती पुन्हा भरून ठेवायला, लागणाऱ्या अवधीच्या) ओळीवर आल्यावर फरक दिसला. जुन्या जोडीच्या रकान्यात ५६०, नव्या जोडीच्या रकान्यात ८८०, आणि चारही एकत्र असताना पुन्हा ५६०. आणखी खाली ‘टीएफएडब्ल्यू’च्या (याचा अर्थ पुढे येईल) ओळीवर तसेच झाले होते: जुन्या जोडीला ३४, नव्या जोडीला ४८, आणि चारही एकत्र असताना ३४. ‘टीआरआरडी’च्या (एकापाठोपाठ दोन ओळी उघडण्यातल्या किमान अंतराच्या) दोन्ही आकड्यांचीही तीच गत होती. चारही मॉड्यूल एकत्र लावल्यावर माझ्या बोर्डाने जुन्या जोडीचे प्रोफाइल वाचून ते सगळ्यांना लावले होते, आणि नव्या जोडीला तिच्या स्वतःच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेला अवधी मिळत नव्हता. प्रोफाइल बंद असताना हा त्रास का नव्हता, तेही यातून उलगडले. तेव्हा बोर्ड चारही मॉड्यूलच्या मूळ नोंदी पाहून सर्वांत सावध आकडा घेत होता.

हे आकडे म्हणजे घड्याळाचे ठोके आहेत, वेळ नव्हे, हे लक्षात घेतले की पुढचा अर्थ लागतो. डीडीआर मेमरी एका ठोक्यात दोनदा माहिती पाठवते, म्हणून ३२००च्या वेगाला घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचे असते आणि एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा होतो. सीएल (टाइमिंगचा पहिला आकडा) १६ म्हणजे १० नॅनोसेकंद. त्याच हिशेबाने ५६० ठोके म्हणजे ३५० नॅनोसेकंद आणि ८८० ठोके म्हणजे ५५० नॅनोसेकंद. डीडीआर४च्या मानकाशी परिचय असलेल्याला हे दोन आकडे लगेच ओळखू येतील: ८ गिगाबिटच्या चिपला रिफ्रेशसाठी ३५० नॅनोसेकंद लागतात आणि १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. म्हणजे बाहेरून जुळी वाटणारी मॉड्यूल आतून वेगळी होती. सीपीयू-झेडसारख्या सॉफ्टवेअरने मॉड्यूलमधील नोंदी वाचल्या आणि लेबल पुन्हा बारकाईने पाहिले, तेव्हा एका कोपऱ्यातला आवृत्तीचा लहानसा आकडा दोन्ही जोड्यांवर वेगळा निघाला. जुन्या मॉड्यूलमध्ये ८ गिगाबिटच्या आठ चिप होत्या, नव्यामध्ये १६ गिगाबिटच्या चार. क्षमता दोन्हीकडे ८ जीबीच, कंपनी तीच, उत्पादनाचे नाव तेच. वरची धातूची पट्टी हा फरक झाकून टाकते. उत्पादक काळानुसार चिप बदलत राहतात आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही, कारण प्रत्येक जोडी आपल्यावर छापलेल्या आकड्यांना जागतच असते.

टीआरएफसी इतका निर्णायक का ठरतो, ते थोडे समजून घेण्यासारखे आहे. रॅमच्या प्रत्येक पेशीत बिट एका सूक्ष्म कपॅसिटरमधील विद्युतभाराच्या रूपात असतो आणि तो भार सतत झिरपत असतो. म्हणून ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक ओळ एकदा तरी वाचून पुन्हा भरून ठेवावी लागते. हे काम ८१९२ आदेशांत वाटलेले असते, त्यामुळे साधारण दर ७.८ मायक्रोसेकंदाला रिफ्रेशचा एक आदेश जातो. आदेश गेला की चिप त्या कामात गुंतते आणि टीआरएफसीइतका वेळ तिला दुसरे काही सांगायचे नसते. नव्या चिपला ५५० नॅनोसेकंदांचा अवधी हवा असताना बोर्ड ३५० नॅनोसेकंदांनीच तिच्याकडे पुढचा आदेश पाठवत होता. त्या क्षणी नेमकी तीच ओळ भरली जात असेल तरच चूक होणार, शिवाय मानकातल्या आकड्यांत काही राखीव वावही असतो, म्हणून चूक तासातासांनी एकदाच दिसत होती. मेमरीला काम संपवायला वेळच कमी मिळत असेल, तर व्होल्टेजमध्ये पन्नास मिलिव्होल्टची भर घातल्याने ती कमतरता भरून निघेलच असे नाही, आणि माझ्या चिपच्या बाबतीत ती निघाली नाही.

टीएफएडब्ल्यूची गोष्ट वेगळी पण जवळची आहे. लागोपाठ चार ओळी उघडण्यासाठी किमान किती वेळाची खिडकी हवी, ते हा आकडा सांगतो. आठ चिपच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक चिप ८ बिट रुंद असते, चार चिपच्या मॉड्यूलमध्ये १६ बिट. रुंद चिपमध्ये एक ओळ उघडली की दुप्पट पेशी जाग्या होतात, वीज जास्त लागते, म्हणून ३२००च्या वेगाला अरुंद चिपसाठी २१ नॅनोसेकंद आणि रुंद चिपसाठी ३० नॅनोसेकंद इतकी खिडकी मानकाने ठेवली आहे. माझ्या वहीतले ३४ आणि ४८ हे आकडे ठोक्यांत मांडलेले नेमके तेच अवधी आहेत.

खात्री करून घेण्यासाठी मी प्रथम मॉड्यूलच्या जागा बदलल्या. नवी जोडी दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये आणि जुनी जोडी उरलेल्या स्लॉटमध्ये ठेवली. माझ्या बोर्डाने आता नव्या जोडीचे प्रोफाइल उचलले, टीआरएफसी ८८० झाला आणि चार फेऱ्यांत एकही चूक आली नाही. तुम्हाला इतकेच करून थांबायचे असेल तरी चालेल. परंतु बोर्ड कोणत्या स्लॉटचे प्रोफाइल वाचतो, हे बायोसच्या पुढच्या आवृत्तीत बदलू शकते, आणि कोणता आकडा खरा दोषी होता हेही मला जाणून घ्यायचे होते. म्हणून मॉड्यूल पूर्वीच्या जागी नेली आणि एका वेळी एकच आकडा बदलला. टीआरएफसी ८८० लिहिल्यावर दुसऱ्या फेरीतल्या चुका नाहीशा झाल्या, पण रात्रभर चाललेल्या चाचणीत एक चूक आलीच. मग टीएफएडब्ल्यू ४८ केला, टीआरआरडीचे दोन्ही आकडे नव्या जोडीच्या रकान्याप्रमाणे लिहिले, आणि त्यानंतरच्या तीन रात्री स्वच्छ गेल्या. रॅमचे व्होल्टेज मी परत १.३५ वर आणले आहे.

याची किंमत किती पडली, असा प्रश्न साहजिक आहे. ७.८ मायक्रोसेकंदांपैकी ३५० नॅनोसेकंद म्हणजे सुमारे साडेचार टक्के वेळ रिफ्रेशमध्ये जात होता, आता ५५० नॅनोसेकंद म्हणजे सुमारे सात टक्के जातो. रोजच्या कामात हा फरक मला जाणवत नाही, आणि जाणवला असता तरी मी तो आनंदाने सोसला असता.

व्होल्टेज कधी वाढवावे

माझ्या बाबतीत व्होल्टेज हे उत्तर नव्हते, पण ते कधीच उत्तर नसते असे मी म्हणणार नाही. वेगवेगळ्या स्थितींतले दुय्यम आकडे (खोक्यावर न छापलेली टाइमिंग) जुळत असतील, म्हणजे चारही मॉड्यूल एकाच प्रकारची असतील, आणि तरीही चुका येत असतील, तर व्होल्टेजकडे वळावे. डीडीआर४चे मानक व्होल्टेज १.२ आहे आणि ३२०० ते ३६०० वेगाच्या प्रोफाइलमध्ये ते बहुधा १.३५ असते. तिथून ०.०१ किंवा ०.०२ व्होल्टच्या पायरीने वर जावे आणि प्रत्येक पायरीवर तीच चाचणी तितकाच वेळ चालवावी. पायरी चढल्यावर चुका स्पष्टपणे कमी झाल्या तर दिशा बरोबर आहे. त्या तशाच राहिल्या तर तुम्ही चुकीची कळ फिरवत आहात, आणि वाढल्या तर तुमच्या चिपला जास्त व्होल्टेज मानवत नाही किंवा ती तापते आहे. अशा वेळी निमूटपणे मागे यावे. रोजच्या वापरासाठी मी १.४० ही मर्यादा मानतो. हवा खेळती असेल तर १.४५ पर्यंत जाणारे अनेक जण आहेत, पण केवळ स्थिरतेसाठी इतके लागत असेल तर एक पायरी वेग कमी करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. बायोसमध्ये लिहिलेले व्होल्टेज आणि बोर्ड प्रत्यक्ष देतो ते व्होल्टेज यांत थोडा फरक असू शकतो, म्हणून निरीक्षणाच्या पानावरचा आकडाही पाहावा.

रॅमच्या व्होल्टेजपेक्षा कंट्रोलरच्या व्होल्टेजबाबत जास्त सावध राहावे, कारण तो प्रोसेसरच्या आत असतो. एएमडीच्या डीडीआर४ प्रोसेसरवर याला ‘एसओसी व्होल्टेज’ म्हणतात आणि १.० ते १.१ व्होल्टमध्ये बहुतेक काम भागते. इंटेलच्या बाजूला ‘व्हीसीसीएसए’ आणि जुन्या पिढ्यांत ‘व्हीसीसीआयओ’ अशी नावे दिसतील. बाराव्या पिढीपासून ज्या प्रोसेसरच्या नावात ‘के’ नाही, त्यांच्यावर यांपैकी एसए व्होल्टेज बदलताच येत नाही, म्हणून तिथे चार मॉड्यूलचा वेग कमी ठेवणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो. काही बोर्ड प्रोफाइल चालू केले की हे व्होल्टेज गरजेपेक्षा बरेच जास्त देतात. ते ‘ऑटो’वर न सोडता स्वतः लिहावे, असा माझा आग्रह आहे.

डीडीआर४च्या रायझेनवर आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तिथे प्रोसेसरमधील इन्फिनिटी फॅब्रिकचे (प्रोसेसरच्या भागांना जोडणाऱ्या अंतर्गत मार्गाचे) घड्याळ रॅमच्या घड्याळाबरोबर चालते, म्हणजे ३२००ला १६०० आणि ३६००ला १८०० मेगाहर्ट्झ. मेमटेस्ट स्वच्छ येते, पण विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया लॉगर’च्या (हार्डवेअरच्या चुका नोंदवणाऱ्या भागाच्या) १९ क्रमांकाच्या नोंदी साठत जातात, असे दिसले तर संशय रॅमच्या टाइमिंगपेक्षा फॅब्रिकच्या वेगावर घ्यावा. तो एक पायरी खाली आणला की नोंदी थांबतात का, ते लगेच समजते.

सकाळी सुरू होताना अडखळणे

चुका संपल्यानंतरही माझ्याकडे एक तक्रार उरली होती. रात्रभर बंद असलेला संगणक सकाळी पहिल्या प्रयत्नात सुरू होत नसे. पंखे फिरत, पडदा काळाच राही, तो स्वतः दोनदा बंद होऊन चालू होई आणि मग नीट चाले. संगणक सुरू होताना बोर्ड प्रत्येक तारेवरचा संकेत कोणत्या क्षणी वाचायचा हे जुळवून पाहतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. थंड असताना हे जुळवणे जमत नसेल तर असा खेळ होतो. चार मॉड्यूल असताना आदेशाच्या तारांवर भार जास्त असतो, म्हणून मी ‘कमांड रेट’ १टी वरून २टी केला, म्हणजे आदेश स्थिरावण्यासाठी तारांना आणखी एक ठोका मिळाला. तेव्हापासून सकाळची अडचण परत आलेली नाही. ज्या बोर्डांवर ‘गिअर डाउन मोड’ हा पर्याय आहे, तिथे तो चालू ठेवणे हा याच दुखण्यावरचा सौम्य उपाय आहे. तो चालू असताना सीएल मात्र सम आकड्याचाच राहतो.

याच्या उलट, संगणक सकाळी उत्तम चालतो आणि दोन तास खेळ किंवा रेंडरिंग चालल्यावर कोलमडतो, अशी तक्रार असेल तर उष्णता पाहावी. पेशीतला भार गरम असताना लवकर झिरपतो, इतका की ८५ अंश सेल्सियसच्या वर मानकच रिफ्रेशची वारंवारता दुप्पट करायला सांगते. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा अनेक कॅबिनेटमध्ये थेट रॅमवर जाते, आणि मेमटेस्ट चालताना ग्राफिक्स कार्ड थंडच असल्याने हा दोष त्यात पकडला जात नाही. म्हणून पेन ड्राइव्हवरच्या चाचणीनंतर ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्राइम९५ची ब्लेंड चाचणी किंवा टेस्टमेम५ चालवावे आणि त्याच वेळी ग्राफिक्स कार्डालाही काम द्यावे. एखाद्याने टीआरईएफआय (दोन रिफ्रेश आदेशांमधला अवधी) वाढवून वेग मिळवलेला असेल, तर अशा तक्रारीत सर्वांत आधी तो आकडा मूळ जागी आणावा.

डीडीआर५च्या संगणकावर तर्क हाच राहतो, आकडे बदलतात. मानक व्होल्टेज १.१ आहे, रिफ्रेशचा आदेश ३.९ मायक्रोसेकंदाला जातो, आणि व्होल्टेज नियंत्रित करणारी चिप मॉड्यूलवरच बसवलेली असते. एएमडीने २०२२मध्ये रायझेन ७००० बरोबर आणलेले एक्सपो प्रोफाइल हे एक्सएमपीसारखेच काम करते. त्या मालिकेत दोन मॉड्यूलसाठी अधिकृत वेग ५२०० आणि चार मॉड्यूलसाठी फक्त ३६०० आहे, यावरून चार मॉड्यूलचा भार किती वाढला आहे ते दिसते. त्या प्रोसेसरवर एसओसी व्होल्टेज १.३ च्या वर नेऊ नये. २०२३मध्ये काही प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने बायोसमार्फत तीच मर्यादा घातली. डीडीआर५च्या चिपमध्ये अंतर्गत चूकदुरुस्ती असते म्हणून अस्थिरता येणारच नाही, असा समज मी ऐकला आहे, पण ती दुरुस्ती चिपच्या आतल्या पेशींपुरती आहे. चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या तारांवर जे बिघडते ते तिला दिसत नाही.

आकडे लिहिताना कधीतरी संगणक मुळीच सुरू होणार नाही, आणि तेव्हा घाबरण्याचे कारण नाही. वीज पूर्ण बंद करून वायर काढावी, चालू करण्याचे बटण काही सेकंद दाबून धरावे, आणि माहितीपुस्तिकेत दाखवलेल्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने काही सेकंद जोडून बायोस मूळ स्थितीत आणावे. जुळलेले आकडे बायोसमधील प्रोफाइलच्या जागेत जतन करावेत, आणि कागदावरही ठेवावेत, कारण बायोसची आवृत्ती बदलली की जतन केलेली प्रोफाइल बहुधा पुसली जातात.

संगणक तीन रात्री स्वच्छ चालल्यावर मी सिस्टिम फाइल चेकर चालवून ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइली दुरुस्त करून घेतल्या आणि डिस्कची तपासणी केली. त्यानंतर नवी जोडी बसवल्याच्या तारखेपासून पुढे तयार झालेल्या किंवा कॉपी केलेल्या सगळ्या फाइलींची यादी काढली. ज्यांची मूळ प्रत दुसरीकडे होती त्यांच्या चेकसम जुळवून पाहिल्या आणि ज्यांची नव्हती त्या एकेक उघडून पाहिल्या. त्या यादीत सहा छायाचित्रे बिघडलेली निघाली. त्यांतली चार कॅमेऱ्याच्या कार्डावर अजून शिल्लक होती.